ताल पायात, कळ पोटरीत

जत्रेतला लेझीमवाला असो, शाळेच्या संमेलनातली मुलगी असो की फडावरची नर्तकी. नाचणाऱ्याचा भार अखेर पोटरीवर येतो. ते दुखणे सोसण्यासाठीच असते, ही समजूत आता सोडायला हवी.

चैत्र लागला की भोर आणि वेल्हे तालुक्यांतल्या गावांना जत्रेचे वेध लागतात. पुण्या-मुंबईला कामाला असलेली मंडळी रजा टाकून गावी येतात. देवाची पालखी निघते, रात्री छबिना फिरतो, ढोलावर टिपरू पडते आणि लेझमीचा डाव रंगू लागतो. वर्षभर खुर्चीत बसून किंवा यंत्रापुढे उभे राहून काढलेले पाय एका रात्रीत चवड्यावर नाचू लागतात. त्या रात्री कुणालाच काही वाटत नाही. दुसऱ्या दिवशी पाय जरा जड वाटतात. खरी गंमत तिसऱ्या दिवशी. परतीच्या एसटीत चढताना हीच मंडळी दांडा धरून, तिरके पाऊल टाकत चढतात आणि उतरताना तोंड वाकडे करतात. 'काय, भरल्या का पोटऱ्या?' असे कुणीतरी विचारते आणि सगळे हसतात.

हसण्यावारी न्यावे इतकेच हे दुखणे असते, तर त्यावर रविवारी सकाळी एवढे लिहिण्याचे कारण नव्हते. चाकरमान्याच्या पोटऱ्या चार-सहा दिवसांत मोकळ्या होतात. पण त्याच जत्रेत तमाशाच्या फडावर नाचलेली बाई दुसऱ्या रात्री दुसऱ्या गावात उभी असते. तिला चार दिवस मिळत नाहीत. स्नेहसंमेलनासाठी महिनाभर सिमेंटच्या अंगणात तालीम करणारी सातवीतली मुलगी 'पाय दुखतात' म्हणाली, तर 'नाचायची हौस आहे ना, मग?' हे उत्तर तिच्यासाठी तयार असते. नाचणाऱ्याने पोटरीचे दुखणे सोसायचेच असते, असे आपण धरून चाललो आहोत. ते बऱ्याच अंशी टाळता येते, आणि कधीकधी ते सोसणे धोक्याचे असते, हे मात्र कुणी सांगत नाही.

मावळातली पोटरी

हा मुलूखच पोटऱ्यांचा. रोहिड खोरे, हिरडस मावळ, गुंजण मावळ, कानद खोरे ही नावे घेतली की डोळ्यांपुढे चढउतार येतात. वेल्हे तालुक्याला आता राजगड तालुका हे नाव मिळाले आहे. त्या राजगडाची किंवा शेजारच्या तोरण्याची वाट ज्याने चढली, त्याला पोटरी कुठे असते हे वेगळे सांगावे लागत नाही. पावसाळ्यात चिखलात उभी राहून भाताची लावणी करणारी बाई, डोक्यावर भारा घेऊन डोंगर उतरणारा गडी, धनगरवाड्यावरून शाळेसाठी खाली येणारे पोर, या साऱ्यांची पोटरी रोजच राबते. मग इतक्या राबत्या पोटरीला नाचण्याचा त्रास का व्हावा?

उत्तर पोटरीच्या घडणीत आहे. पोटरी म्हणजे एक स्नायू नव्हे; तिथे मुख्यतः दोन स्नायू एकावर एक बसलेले असतात. वरचा, हाताला लागणारा, दोन गड्ड्यांचा स्नायू गुडघ्याच्या वरून, मांडीच्या हाडापासून निघतो. उडी, झेप, झटका ही त्याची कामे. त्याच्या खाली दुसरा, चपटा आणि रुंद स्नायू असतो. तो गुडघ्याच्या खालून, नळीच्या हाडांपासून निघतो. तासन् तास उभे राहणे, चालणे, गुडघे वाकवून तोल सांभाळणे हे त्याचे काम. हे दोन्ही खाली एकत्र येतात आणि टाचेमागच्या जाड दोरीसारख्या शिरेने टाचेच्या हाडाला बांधले जातात. जुनी माणसे हिला घोडशीर म्हणतात. नाव मोठे चपखल आहे. ओझे ओढायचे काम तिचेच. धावताना या एका शिरेवर शरीराच्या वजनाच्या सहा ते आठ पट ओढ येते.

खालच्या स्नायूचे आणखी एक काम आहे. पायातले रक्त वर हृदयाकडे चढवायला तोच पिळून पिळून मदत करतो. म्हणून पोटरीला पायातले दुसरे हृदय म्हणतात. नाचून झाल्यावर माणूस एकदम मटकन बसला आणि पाय लोंबकळत ठेवून तासभर बसून राहिला, की पाय जड होतात आणि घोट्याशी सूज येते, ती हा पंप थांबल्यामुळे.

आता चालणे आणि नाचणे यांतला फरक पाहा. चालताना टाच आधी टेकते आणि चवडा नंतर. लेझमीत चवड्यावर उडी घेऊन चवड्यावरच उतरायचे असते, मध्येच चवड्यावर बसून झटक्याने उठायचे असते. उडीतून उतरताना टाच खाली येत जाते आणि त्याच वेळी पोटरी तिला आवरून धरते. म्हणजे स्नायू लांबत असतो आणि लांबता लांबता जोर लावत असतो. विहिरीत पोहरा सोडताना दोर हातातून आवरत सोडावा लागतो, तसे हे काम आहे. हातांना चट्टे पडतात ते पोहरा ओढताना कमी आणि सुटता दोर आवरताना जास्त.

प्रत्येक नाचाचा पोटरीवरचा भार वेगळा. कथकच्या तत्कारात गुडघे सरळ असतात आणि सबंध तळवा जमिनीवर आपटतो. धनगरी गजात ढोलाच्या लयीवर वाकत, वळत, गोल फिरत बराच वेळ पावले टाकायची असतात. वारीतल्या पावलीत चाल सोपी, पण ती तासन् तास चालते. फडावरच्या लावणीत झपाझप पावले, बैठक, गिरकी आणि ठेका हे सगळे एकत्र येते, तेही पायात किलोच्या हिशेबात मोजावी लागणारी घुंगरे बांधून. घोट्याजवळ बांधलेले वजन प्रत्येक पावलाला उचलावे लागते आणि प्रत्येक ठेक्याला आवरावे लागते. डोंगर चढण्याची सवय म्हणून या कामाला पुरी पडत नाही. पोटरीला ज्या कामाची सवय, त्याच कामाला ती तयार.

एक नाव, तीन दुखणी

'पोटरी धरली' या एका वाक्यात आपण तीन निरनिराळी दुखणी कोंबतो. उपाय चुकतो तो इथेच.

पहिले, पोटऱ्या भरून येणे. सवयीबाहेरचे काम झाल्यावर बारा ते चोवीस तासांनी हे सुरू होते, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शिगेला पोचते आणि आठवड्याच्या आत ओसरते. दोन्ही पोटऱ्या सारख्या दुखतात, दाबले तर दुखतात, जिना उतरताना जास्त दुखतात. स्नायूत आम्ल साठते म्हणून असे होते, असे आपण शाळेपासून ऐकत आलो. ते खरे नाही. ते द्रव्य काम थांबल्यावर तासाभरात रक्तातून निघून जाते. तिसऱ्या दिवशी दुखायला ते उरतेच कुठे? १९८३ साली अमेरिकेत काही जणांना सपाटीवर आणि काहींना उतारावर धावायला लावून पाहिले गेले. सपाटीवर धावणाऱ्यांच्या रक्तात ते आम्ल वाढले, पण त्यांचे पाय दुखले नाहीत. उतारावर धावणाऱ्यांच्या रक्तात ते वाढले नाही आणि पाय मात्र भरून आले. स्नायूच्या आतल्या बारीक तंतूंना इजा होते आणि ती दुरुस्त होताना दुखते, हे थिओडोर हफ या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९०२ सालीच सुचवले होते. पोटरी भरणे म्हणजे चालू असलेली डागडुजी. ती पुरी होऊ द्यावी लागते, एवढेच.

दुसरे, वांब किंवा गोळा येणे. नाचता नाचता किंवा रात्री झोपेत पोटरी एकदम दगडासारखी घट्ट होते, माणूस ओरडून उठतो आणि मिनिटा-दोन मिनिटांत ती सुटते. घामावाटे मीठ-पाणी गेले की वांब येतो, हे अर्धेच खरे. थकलेल्या स्नायूला आखडण्याचे हुकूम मिळत राहतात आणि सैल होण्याचे हुकूम कमी पडतात, म्हणजे बिघाड बराचसा मज्जातंतूंच्या पातळीवर असतो, असे आता मानले जाते. म्हणूनच ताण देताच वांब सुटतो. पोटात गेलेले मीठ-पाणी रक्तात उतरेपर्यंत तो थांबत नाही. २०१० साली अमेरिकेतच काकडीच्या लोणच्याचे आंबट-खारट पाणी घोटभर पाजून पाहिले, तर वांब साध्या पाण्यापेक्षा लवकर सुटला. तो इतक्या लवकर सुटला की पाणी पोटातून रक्तात जायला वेळच नव्हता. घशाला बसलेला आंबट झटकाच काम करून गेला असावा, असा तर्क आहे.

तिसरे, स्नायू ताणला किंवा फाटला जाणे. हे एका क्षणात होते आणि बहुधा एकाच पायाला. मागून कुणी दगड मारला की काय, असे वाटून माणूस वळून पाहतो. चवड्यावर उभे राहता येत नाही, एक-दोन दिवसांत निळेपणा उतरतो. याला 'भरली असेल' म्हणून पुन्हा नाचायला उभे राहणे म्हणजे उसवलेल्या शिवणीवर गाठोडे बांधणे.

जत्रेआधीचे तीन आठवडे

भरून येण्यावर सगळ्यात मोठा उपाय औषधाच्या दुकानात मिळत नाही. स्नायूला एकदा नव्या कामाची थोडी चव दिली की तेच काम पुढे काही आठवडे त्याला फार बोचत नाही. शरीराचा हा गुण फार उपयोगाचा आहे. जत्रेच्या रात्री पहिल्यांदा उडी मारणाऱ्याची पोटरी भरणारच. पण तीन आठवडे आधीपासून, एक दिवसाआड, दहा मिनिटे जरी चवड्यावरचा खेळ केला आणि तो दर आठवड्याला थोडा वाढवला, तर तीच रात्र बरीच सोपी जाते. पूर्वी गावात जत्रेआधी देवळापुढे रोज रात्री लेझमीची तालीम व्हायची. तिच्यात चाल बसायची आणि पोटरीही बसायची. आता मंडळी जत्रेच्या दिवशीच येतात. त्यांनी तालीम आपापल्या घरीच करावी.

घरी करायचे ते असे. जिन्याच्या पायरीच्या कडेवर चवडे ठेवून, कठड्याला हात लावून उभे राहावे. दोन्ही टाचा उचलाव्यात आणि मग हळूहळू, तीन आकडे मोजत, पायरीच्या खाली उतरू द्याव्यात. असे पंधरा वेळा. थोडे थांबून आणखी दोन फेऱ्या. गुडघे सरळ ठेवून केले की वरचा स्नायू तयार होतो, किंचित वाकवून केले की खालचा. दोन्ही हवेत. सवय झाली की एका पायावर करावे. एका पायावर, टाच पुरती उचलत, सलग पंचवीस वेळा हे जमले तर पोटरी धडधाकट आहे असे समजावे. दोन पायांत फार फरक आढळला तर कमजोर पायाकडे आधी लक्ष द्यावे, कारण दुखापत बहुधा तिकडूनच येते.

ही हळू उतरण्याची रीत पुढे उपचार म्हणूनही नावाजली. स्वीडनमधले हाडांचे डॉक्टर हाकन आल्फ्रेडसन यांनी १९९८ साली घोडशिरेच्या जुनाट दुखण्याने हैराण झालेल्या पंधरा जणांकडून हाच व्यायाम दिवसातून दोनदा, बारा आठवडे करून घेतला. शस्त्रक्रियेच्या दारात उभे असलेले ते सगळे पुन्हा धावू लागले. हत्यार काय, तर एक पायरी. ती आपल्याकडे घराघरांत आहे.

मग ताण देणे कशासाठी? नाचाआधी भिंतीला हात लावून पोटऱ्या ताणल्या की दुखणार नाही, अशी पुष्कळांची श्रद्धा असते. २०११ साली या विषयावरच्या बारा प्रयोगांचा एकत्र ताळा मांडला गेला. नाचण्या-खेळण्याआधी वा नंतर ताण देण्याने दुसऱ्या दिवशीच्या दुखण्यात १०० गुणांच्या मोजपट्टीवर फार तर चारेक गुणांचा फरक पडतो, असे त्यात आढळले. मिनिटभराहून जास्त वेळ स्थिर ताण देऊन लगेच उडी मारायला गेले, तर उडीचा जोर थोडा कमीच होतो. ताण देणे फुकट आहे असा याचा अर्थ नव्हे. रोज दिला तर घोटा मोकळा वळतो, आखडलेली पोटरी लांब होते, टाच जमिनीला नीट टेकते. पण त्याची वेळ नाचानंतरची किंवा रात्री झोपण्याआधीची. भिंतीला हात, एक पाय मागे, मागची टाच जमिनीला घट्ट, बोटे सरळ पुढे. गुडघा सरळ ठेवून तीस आकडे, मग तोच गुडघा थोडा वाकवून तीस आकडे. दोन्ही पायांना दोन-तीन वेळा. ताण जाणवावा, कळ येऊ नये. गचके देऊ नयेत.

नाचाआधी हवी ती ऊब. लेझमीचा खेळ संथ चालीने सुरू होऊन चढत जातो. त्यात शहाणपण आहे. पहिली दहा मिनिटे संथ चाल म्हणजे पोटरीला दिलेली आगाऊ सूचना. ध्वनिक्षेपकाच्या भिंती आल्यापासून पहिल्या ठोक्यापासून वेग चढलेला असतो आणि ही सूचना पोचतच नाही. मध्ये तासभर चहापाण्याला बसून पुन्हा एकदम उडी घेणे तर त्याहून वाईट. बसलात तर उठल्यावर पुन्हा पाच मिनिटे चाला, मग डावात शिरा.

जमीन, घुंगरे आणि ताक

पोटरीला दुसरा शत्रू पायाखाली असतो. मुरमाची किंवा मातीची जमीन उडीचा थोडा धक्का आपल्यात घेते. काँक्रीट काहीच घेत नाही, सगळा परत करते. गावोगावी देवळापुढची मोकळी माती जाऊन फरशी किंवा काँक्रीट आले. चिखल गेला हे बरेच झाले, पण पोरे नाचतात ती त्याच टणक जमिनीवर, अनवाणी. वर सतरंजी अंथरली म्हणून जमीन मऊ होत नाही. फडाचा फळ्यांचा रंगमंच त्या मानाने चांगला. फळी थोडी लवते. शाळेने तालमीसाठी सिमेंटचे अंगण सोडून मैदानाचा कोपरा निवडला, तर एक पैसा खर्च न होता निम्मी कुरकुर कमी होईल.

घुंगरांचेही तसेच. नव्या मुलीच्या पायात पहिल्याच दिवशी पुरा चाळ बांधू नये. नाच बिनघुंगरांचा बसवावा, मग थोडी घुंगरे, आणि आठवड्यागणिक वाढ. पट्टा घोट्याच्या हाडावर आणि घोडशिरेवर रुतत नाही ना, हे रोज पाहावे. रुतणाऱ्या पट्ट्याने आलेली टाचेमागची सूज पुढे महिनोन् महिने पाठ सोडत नाही.

खाण्यापिण्याचे फार अवडंबर नको. चैत्र-वैशाखाच्या उकाड्यात रात्रभर नाचणाऱ्याचे मीठ-पाणी पुष्कळ जाते. त्याला मीठ घातलेले ताक किंवा भाताची पेज उत्तम. उपाशीपोटी चहावर चहा पिऊन नाचणे वाईट, आणि दारू पिऊन नाचणे त्याहून वाईट. दुखापत झाली तरी ती सकाळपर्यंत कळत नाही. वांबावर मॅग्नेशियमच्या गोळ्यांची हल्ली बरीच चलती आहे. वयस्कर माणसांच्या रात्रीच्या वांबांवर त्यांचा फारसा उपयोग होत नाही, असे तपासण्यांत दिसले आहे.

दुखू लागल्यावर

वांब आला तर गुडघा सरळ करावा आणि पायाची बोटे स्वतःकडे, नळीच्या दिशेने ओढून धरावीत. उभे राहता येत असेल तर टाच जमिनीवर दाबावी. घट्ट गोळ्यावर बुक्क्या मारण्याची पद्धत आहे, तिचा उपयोग नाही.

भरलेल्या पोटरीला पुरती विश्रांती नको आणि जोरही नको. सावकाश चालावे, टाचा हलक्या वर-खाली कराव्यात, घोटा फिरवावा. घरात बाया कोमट तेल लावून पोटऱ्या चोळतात. त्याने दुखणे थोडे खरेच कमी होते, असे तपासणीतही आढळले आहे. गुण तेलापेक्षा हाताचा. अट एकच, हात हलका आणि खालून वर, टाचेकडून गुडघ्याकडे. कोमट पाण्याने शेकावे. झोप पुरी घ्यावी, कारण तंतूंची डागडुजी झोपेत होते. हळदीचा लेप लावण्यात अपाय नाही, पण त्याच्या भरवशावर राहू नये.

स्नायू ताणला गेला असेल तर पहिले दोन दिवस वेगळे. नाच तिथेच थांबवावा, पट्टी हलकी गुंडाळावी, पाय उशीवर वर ठेवावा, फडक्यात बर्फ गुंडाळून दहा-पंधरा मिनिटे लावावा. चोळणे आणि शेकणे या दोन दिवसांत नको. विश्रांती आणि बर्फ यांचा मंत्र अमेरिकेतल्या डॉ. गेब मर्किन यांनी १९७८ साली लोकप्रिय केला. २०१४ साली त्यांनीच सांगितले की बर्फाने दुखणे कमी होते, पण बरे होणे लांबू शकते. तेव्हा बर्फ वेदनेपुरता. दोन-तीन दिवसांनी, झेपेल तितके, हलवायला सुरुवात करावी.

एक गोष्ट ठामपणे सांगायला हवी. वेदनाशामक गोळी घेऊन किंवा टाचेजवळ सुई टोचून घेऊन नाचायला उभे राहणे हा उपाय नव्हे. वेदना ही राखणदाराची हाक आहे. राखणदाराला झोपवून शेत वाचत नाही. घोडशिरेत स्टेरॉइडची सुई दिल्याने ती शीर कमजोर होऊन तुटण्याचा धोका असतो. सिप्रोफ्लॉक्सासिनच्या जातीची प्रतिजैविके घेतानाही हा धोका वाढतो, असा ठळक इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००८ साली छापायला लावला. जुलाबावर वा लघवीच्या जळजळीवर असे औषध चालू असताना टाचेमागे दुखू लागले, तर नाच थांबवून डॉक्टरांना सांगावे.

जेव्हा ते साधे नसते

काही दुखणी पोटरीचे सोंग घेऊन येतात. एकच पोटरी सुजली, गरम आणि लालसर झाली, बसल्या जागीही ठणकू लागली, तर आतल्या नसेत रक्ताची गुठळी झालेली असू शकते. लांबचा प्रवास, बाळंतपण, मोडलेल्या हाडाचे प्लास्टर यांच्या मागून हे येते. अशी पोटरी मुळीच चोळू नये. गुठळी सुटून फुप्फुसात गेली तर जिवावर बेतते. धाप लागली, छातीत दुखले तर घटकाभरही न थांबता १०८ क्रमांकाला फोन करावा.

टाचेमागे फट असा आवाज झाला आणि पाऊल रेटताच येईना, तर घोडशीर तुटलेली असू शकते. माणसाला पालथे झोपवून पोटरी दाबावी. धड पायाचे पाऊल थोडे हलते; तुटलेल्याचे हलत नाही. हे उद्यावर टाकण्याचे दुखणे नव्हे. नळीच्या हाडावर एकाच बोटभर जागेत, रोज नाचताना वाढत जाणारे दुखणे असेल तर हाडाला बारीक चीर असू शकते. तालमी करणाऱ्या मुलींत ही पुष्कळदा 'पोटरी' म्हणून दुर्लक्षित राहते. सवय नसताना रात्रभर नाचून दुसऱ्या दिवशी लघवी काळ्या चहासारखी झाली, तर फाटलेल्या स्नायूंतले द्रव्य मूत्रपिंडावर येत आहे असे समजून थेट रुग्णालय गाठावे. आणि विडी ओढणाऱ्या चाळिशीपुढच्या माणसाची पोटरी ठरावीक अंतर चालले की दुखते आणि थांबले की राहते, असे असेल तर रोहिण्या अरुंद झाल्याची ती सूचना असू शकते.

फडावरच्या पोटऱ्या

गुढीपाडव्याच्या सुमारास नारायणगावला तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे कारभारी जत्रेची सुपारी द्यायला येतात. मग हंगामभर रोज नवे गाव. रात्री नाच, पहाटे सामान भरायचे आणि गाडीत दाटीवाटीने, गुडघे मुडपून, पाऊल लोंबते ठेवून पुढच्या गावाला. पोटरीला याहून वाईट बैठक नाही. तापलेला स्नायू आखूड अवस्थेतच थंड होतो आणि संध्याकाळी तोच पुन्हा घुंगरांखाली उभा राहतो.

विठाबाई नारायणगावकरांची गोष्ट महाराष्ट्राला ठाऊक आहे. भर खेळात कळा सुरू झाल्या, रंगमंचामागे बाळंत झाल्या आणि पुन्हा बोर्डावर उभ्या राहिल्या, असे सांगितले जाते. आपण ते कौतुकाने सांगतो. त्या २००२ साली गेल्या तेव्हा रुग्णालयाचे बिल देणग्यांतून भागवावे लागले, हे मात्र त्याच दमात सांगत नाही. पुढे त्यांच्या नावाने राज्य शासनाचा जीवनगौरव पुरस्कार सुरू झाला. सोसण्याचे कौतुक करणे सोपे असते. सोसावे लागू नये म्हणून काही करणे अवघड. भोरहून मांढरदेवीच्या डोंगरावरून पलीकडे उतरले की वाई. तिथल्या यमुनाबाई वाईकर २०१२ साली पद्मश्री झाल्या आणि २०१८ साली, शंभरी ओलांडून गेल्या. बैठकीच्या लावणीतल्या त्यांच्या अदेची आठवण जाणकार आजही काढतात. गळा आणि अदा म्हातारपणीही साथ देतात; पायांची मुदत मात्र आधी संपते. ती थोडी लांबवणे आपल्या हाती आहे.

त्याला फार लागत नाही. सुपारी ठरवताना गावाने दोन गोष्टी कबूल कराव्यात: नाचायला फळ्यांचा मंच किंवा मातीची जागा, आणि खेळ संपल्यावर गाडी निघण्याआधी अर्धा तास. त्या अर्ध्या तासात बायांनी घुंगरे सोडून चार फेऱ्या चालावे, भिंतीला किंवा गाडीच्या फाळक्याला हात लावून पोटऱ्या ताणाव्यात, ताक-पेज घ्यावी. प्रवासात दर तासाला बसल्या बसल्या पाऊल वर-खाली करावे. जत्रा समितीच्या हिशेबात रोषणाईला आणि आतषबाजीला रक्कम असते. त्यातच बर्फाची पेटी, चार पट्ट्या आणि मिठाच्या पाण्याचा एक पिंप बसतो. लेझमीचा डाव मांडणाऱ्या पोरांनाही त्याचा उपयोग होईल.

आणि शाळेतल्या बाईंनी, त्या सातवीतल्या मुलीने पाय दुखतात म्हटले की एवढेच विचारावे: कुठे दुखते, एका पायात की दोन्ही, आणि कधीपासून? एका पायात आणि दिवसेंदिवस वाढते आहे असे ती म्हणाली, तर त्या दिवशी तिची तालीम बंद. बाकीच्यांना मैदानाच्या कोपऱ्यात, मातीवर, संथ चालीने सुरू करू द्यावे.